लेकीचा पहिला चष्मा

आज नागपुरात, धंतोलीत लेकीला चष्मा लागला. ५ वर्षांची आहे, डाऊन सिंड्रोम आहे. २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन. हृदय, थायरॉइड सगळं वेळेवर तपासलं. डोळे मात्र राहिले. चित्रांचं पुस्तक नाकाशी धरायची, आम्ही म्हणायचो, सवय आहे तिची.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. अशा निम्म्याहून अधिक मुलांना डोळ्यांचा काही ना काही त्रास असतो: चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, बुबुळं सतत हलत राहणं, कधी जन्मतःच मोतीबिंदू. जवळचं बघताना फोकसही जमत नाही, म्हणून लेकीला बायफोकल दिला, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा असे दोन नंबर. पहिली तपासणी ६ महिन्यांच्या आत व्हायला हवी होती. आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही, याचा राग जात नाहीये. तिच्या घाऱ्या डोळ्यांतले पांढुरके ठिपके मात्र निरुपद्रवी, त्यांना ब्रशफिल्ड स्पॉट म्हणतात. मला ते कायम चांदण्यांसारखे वाटत आले.

नाक बसकं, चष्मा घसरतो. मागून पट्टा लावून घेतला. बर्डीवरून ऑटोनं येताना दुकानांच्या पाट्याच बघत होती. घरी आली, आजीच्या मांडीवर बसली, गालाला बोट लावून म्हणाली, ‘आजी, तीळ!’