आमची वाटचाल : फिकट रेघेच्या मागे

ट्यूबलाइटखाली रक्ततपासणीची पट्टी तिरकी धरायची आणि रेघ शोधायची, हे काम मी ९ वर्षं केलं. फलटणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. पावसाळा लागला की डेंग्यूच्या तपासणीला रांग लागायची. पट्टी नीट चालली हे सांगणारी कंट्रोलची रेघ ठळक उमटायची. डेंग्यू आहे हे सांगणारी टेस्टची रेघ कधी असायची, कधी नसायची, आणि कधी आहे की नाही तेच ठरवता यायचं नाही. एकदा तापाच्या पाचव्या दिवशी आलेल्या एका मुलीचा रिपोर्ट मी निगेटिव्ह लिहिला. दोन दिवसांत तिच्या प्लेटलेट उतरल्या आणि तिला साताऱ्याला हलवावं लागलं. ती बरी होऊन घरी आली, पण रजिस्टरमधली ती ओळ माझ्या मनातून गेली नाही. आमची कंपनी त्या ओळीतून निघाली.

त्या दिवशी काय घडलं असेल, ते मला पुढे पुण्यात आल्यावर उमजलं. डेंग्यूचा विषाणू रक्तात एनएस१ नावाचं प्रथिन सोडतो. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते सापडतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं, त्यातली सुरुवातीची आयजीएम दिसू लागतात तीही चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे पाचवा दिवस हा नेमका सांध्याचा दिवस, एक रेघ मावळत असते आणि दुसरी अजून उगवायची असते. त्यातून रुग्णाला आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर जुनी प्रतिपिंडं एनएस१ला वेढून बसतात आणि पट्टीच्या वाट्याला फारच थोडं येतं. अशा वेळी जे थोडं उरलंय ते डोळ्यांना दिसेल अशी पट्टी हवी. आम्हाला तीच करायची होती.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात मी तीन वर्षं काढली. मग ११ वर्षांपूर्वी, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून, तिथेच एक छोटा गाळा भाड्याने घेतला. आम्ही तिघं होतो.

पट्टीवरची लाल रेघ सोन्याची असते, हे आजही बऱ्याच ग्राहकांना नवं वाटतं. ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. रक्तातलं एनएस१ त्यांना धरतं, सगळं मिळून पट्टीवरून वाहत पुढे जातं आणि टेस्टच्या रेघेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्याला अडवतात. कण तिथे साठले की रेघ उमटते.

सुरुवातीला आम्ही हे सोनं तयार विकत घ्यायचो. दर लॉट वेगळा निघायचा. म्हणून स्वतः करायला घेतलं. पद्धत जुनी आहे, टर्केविच या रसायनशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये मांडलेली. गोल्ड क्लोराइडचं पातळ द्रावण उकळायचं आणि त्यात सायट्रेट हा क्षार ओतायचा. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट जांभळी छटा येते आणि काही मिनिटांत लाल. सायट्रेट कमी घातलं तर कण मोठे होतात. १९७३ मध्ये फ्रेन्स या संशोधकाने ते प्रमाण नीट बसवून दिलं. १ ग्रॅम गोल्ड क्लोराइडमध्ये सोनं जेमतेम अर्धा ग्रॅम, पण त्यात १० लिटर द्रावण होतं. वाचायला सोपं आहे. आमचे पहिले सहा आठवडे मात्र जांभळ्या रंगातच गेले. चंचुपात्राच्या काचेला आधीच्या प्रयोगातलं सोनं अगदी किंचित चिकटून राहायचं आणि त्यावर नवे कण वेडेवाकडे वाढायचे. प्रत्येक वेळी भांडी अम्लराजाने, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाने धुवायची, हा नियम तेव्हापासून आहे आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही, घाई कितीही असो.

त्याहून मोठा फटका दुसऱ्या वर्षीच्या जुलैत बसला. पट्ट्या जोडायच्या खोलीत हवा कोरडी लागते. आमचं हवा कोरडी करणारं यंत्र दोन दिवस बंद पडलं होतं, ऑर्डर अंगावर होती आणि मी काम थांबवलं नाही. सोनं वाळवलेल्या पॅडने ओल धरली. कण एकमेकांना चिकटले, पट्टीवर नीट सुटेनात, आणि सगळीकडे गुलाबी झाक येऊ लागली. एका जिल्ह्यातून आमची खोकी परत आली. ती चूक पूर्णपणे माझी होती. विकलेला सगळा लॉट आम्ही माघारी बोलावला, पैसे परत केले आणि त्या वर्षी पगार वेळेवर झाले नाहीत. आज आर्द्रतेचा काटा ३० टक्क्यांच्या वर गेला की खोलीतलं काम थांबतं, आणि थांबवायला माझी परवानगी लागत नाही.

मग खरी मेहनत फिकट रेघेवर. सगळे कण एकाच मापाचे आले तर रेघ एकसारखी आणि गडद येते, एवढ्यावरच आमची दोन वर्षं गेली. किती प्रतिपिंड चिकटवायचं, ते मिठावर ठरतं : द्रावणात मीठ टाकलं आणि ते निळसर झालं, तर कणांवरचं कवच अपुरं आहे, लालच राहिलं तर पुरेसं. आमची सगळ्यात अनुभवी सहकारी हा रंग यंत्राआधी डोळ्यांनी ओळखते. एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीने तपासलेल्या सिरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर, आम्ही आमची पट्टी पुनःपुन्हा पडताळतो. राष्ट्रीय कार्यक्रमात आजही निदान पक्कं करायला एलायझाच धरतात, आणि ते योग्य आहे. पण एलायझाला काही तास आणि यंत्रसामग्री लागते. तालुक्याच्या डॉक्टरला संध्याकाळी ठरवायचं असतं की पेशंटला घरी पाठवायचं की नाही.

म्हणून गेली तीन वर्षं सोन्याच्या जोडीला युरोपियम या धातूच्या नॅनोकणांवर काम चालू आहे. अतिनील प्रकाश टाकला की हे कण लाल चमकतात, आणि प्रकाश बंद केल्यावरही क्षणभर चमकत राहतात. पट्टीची आणि सिरमची स्वतःची चमक तोवर विझलेली असते. त्या मधल्या क्षणात मोजलं तर सोन्याने न दाखवलेली रेघही पकडता येते. अडचण अशी की ती वाचायला छोटं यंत्र लागतं. मोठ्या लॅबला ते परवडेल. फलटणसारख्या गावातल्या लॅबला परवडावं, यावर माझा हट्ट आहे. त्यासाठी आम्ही दोन पुरवठादारांना नाही म्हटलं आणि यंत्राचा साचा स्वतः करायला घेतला. आमचं तिसरं नमुना-यंत्र सध्या टेबलावर आहे. बॅटरीवर चालतं, पण दुपारच्या उन्हात तापलं की आकडा सरकतो, तेवढं अजून सुटलेलं नाही.

आमच्या पाकिटात दोन वर्षांपासून एक छोटं कार्ड असतं. त्यावर पहिला रकाना आहे : तापाचा कितवा दिवस. लॅबमधून फोन येतो, ‘मॅडम, रेघ आहे का नाही कळत नाही.’ मी आधी तोच रकाना विचारते. पाचवा किंवा पुढचा दिवस असेल, तर निगेटिव्ह लिहून पेशंटला सोडू नका, आयजीएम करा, सॅम्पल एलायझाला पाठवा आणि डॉक्टरांना तसं सांगा, असं मी स्वतः सांगते. आमची पट्टी निगेटिव्ह दाखवत असली तरीही.