खोडव्यातलं पाचट जाळू नका, कुजवा

ऊस तुटला की फडात हेक्टरी 8 ते 10 टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. काडी लावली तर त्यातला बहुतेक नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) हवेत जातो. राखेत पालाश (पोटॅश) राहतो खरा, पण वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. दरवर्षी हे नुकसान होताना पाहून वाईट वाटतं.

पाचट सरीत दाबा, बुडखे मोकळे ठेवा; तुटलेल्या उसाच्या या बुडांतूनच पुढचं पीक, म्हणजे खोडवा, फुटतो. बुडख्यांवर पाचट राहिलं तर ऊन मिळत नाही, फुटवे पिवळट आणि विरळ येतात. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटा.

खरी गोम पुढे आहे. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ते खाणाऱ्या बुरशी आणि जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतो, आणि तो ते मातीतून ओढतात. म्हणून नुसतं पाचट टाकलेला खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो, आणि दोष पाचटाला दिला जातो! पाचटाच्या टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन (कल्चर) शेणखतात मिसळून टाका आणि लगेच पाणी द्या. कोरड्या पाचटात काहीच कुजत नाही; सरी तुंबली तर हवा कोंडते, तेव्हाही कुजणं मंदावतं.

जिवाणू मरतात तसा अडकलेला नत्र पुन्हा मुळांना मिळू लागतो. पिकाचं खत मात्र पाचटावर फेकू नका. बुडख्यापासून 15 सेंमीवर पहारीने तेवढंच खोल भोक पाडून त्यात द्या.