पिवळा पट्टा आखण्याआधी कूलर हलवा

भिवंडीच्या गोदामांत शिफ्ट बदलताना एक गोष्ट हमखास दिसते. पिवळ्या रंगाचा पादचारी पट्टा भिंतीला धरून वळसा घेत जातो आणि माणसं, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या फिरतात त्या रॅकच्या गल्लीतून सरळ चालतात. माणसं बेशिस्त म्हणून नव्हे. पाण्याचा कूलर पलीकडे आहे, संडास डॉकच्या, म्हणजे ट्रक लागतात त्या धक्क्याच्या, टोकाला आहे आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे. पट्टा आखणाऱ्याने नकाशा पाहिला, पण लोकांचे पाय कुठे वळतात ते पाहिलं नाही.

म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी गोदामाचा आराखडा कागदावर घ्या. शिफ्ट बदलताना आणि जेवणाच्या वेळी तासभर एका जागी उभे राहा. माणसांची वाट एका रंगाने काढा, फोर्कलिफ्टची दुसऱ्या. रेघांचा गुंता जिथे होईल, तिथे आधी विचारा की माणसाला इथे यायची गरजच का पडते. चाळीस जण दिवसातून चार वेळा पाण्याला गेले, तर जाऊन-येऊन 320 वेळा फोर्कलिफ्टची वाट ओलांडली जाते. कूलर अलीकडे आणला की हा आकडा शून्यावर येतो. हजेरीचं मशीन आणि चलानची खिडकी यांचंही तेच. माझ्या मते याहून स्वस्त उपाय नाही, आणि तोच सगळ्यात शेवटी सुचतो.

आता यंत्राकडे या. अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाच चार टनांच्या आसपास भरते, माल घेतला की सहाच्या वर. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 2.8 मीटर. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर चार मीटरहून जास्त अंतर ब्रेक लागण्याआधीच संपतं. त्यात काट्यावर, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर, मालाचं पॅलेट (फळ्यांचा पाट) असेल तर करकचून ब्रेक मारायला ऑपरेटर कचरतो, कारण माल घसरून पुढे, त्या माणसाच्याच अंगावर जाईल. वेग 6 वर बांधला की तेच अंतर अडीच मीटरवर येतं. हा वेग गाडीच्या कंट्रोलरमध्ये सर्व्हिसवाल्याकडून बांधून घ्यावा. भिंतीवरच्या पाटीने तो बांधला जात नाही.

पायी चालणाऱ्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे गाडीचं मागचं अंग. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. गाडी उजवीकडे वळली की मागचं वजन, म्हणजे तोल सांभाळणारा मागचा जड लोखंडी भाग, डावीकडे झपकन बाहेर येतं. रॅक आणि गाडी यांच्या मधल्या फटीत ‘आपण बाजूला आहोत’ अशा समजुतीने उभा असलेला हेल्पर तिथेच चिरडला जातो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी रिकामी गाडी वळवून दाखवा. मागचं टोक कुठवर येतं ते जमिनीवर खडूने आखा. भाषणापेक्षा तो खडू लक्षात राहतो.

पट्टा निदान एक मीटर रुंद हवा आणि जिथे गाड्या जवळून जातात तिथे रेलिंग हवंच. लवचिक प्लास्टिकचं रेलिंग धक्का लागला की मागे झुकतं, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा त्याच्यामागे सोडा, नाहीतर ते चालणाऱ्यालाच लागेल. ओलांडायच्या जागी झडप, म्हणजे छोटं फाटक, बसवा, ती चालणाऱ्याच्या बाजूला उघडणारी. ओढून उघडावी लागली की माणूस थांबतो. ढकलून उघडणारी असेल तर तो घाईत थेट गाडीसमोर येतो.

गाडी येतेय हे कळावं म्हणून जमिनीवर ठिपका पाडणारा गाडीवरचा निळा दिवा उपयोगी आहे, पण त्याचा ठिपका गाडीपासून तीन ते पाच मीटरवर पडला पाहिजे आणि पुढे-मागे दोन्हीकडे हवा. डॉकच्या तोंडाशी उन्हात तो दिसतच नाही. तिथेच ऑपरेटर लख्ख उजेडातून अंधारात शिरतो आणि काही क्षण त्याला नीट दिसत नाही. पावसाळ्यात ट्रकच्या ताडपत्रीचं पाणी गळून तिथलीच फरशी ओली होते, त्यावर स्ट्रेच फिल्मचा, म्हणजे मालाला गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकचा, तुकडा पडला की चाक घसरतं. उजेड वाढवा, शटरच्या आत पाणी निथळायला जाळी बसवा आणि फिल्मसाठी प्रत्येक दरवाज्याशी ड्रम ठेवा.

डॉकवर सगळ्यात जास्त धोका बाहेरच्यांना असतो. माथाडी कामगार रोजचे, त्यांना गाड्यांच्या वाटा ठाऊक असतात. ट्रकचा क्लीनर मात्र पहिल्यांदा आलेला असतो आणि माल मोजायला मध्येच उभा राहतो. त्याला बसायला पंखा असलेली, डॉक दिसेल अशी जाळीबंद जागा द्या. जाग्यावरून मोजता आलं तर तो आत येणार नाही.

रेलिंगवरचे ओरखडे दर आठवड्याला वाकून बघा. जमिनीपासून 10-15 सेंटीमीटरवर टोकदार खोच असेल तर ती काट्याची. तशीच खोच गुडघ्याच्या उंचीवर दिसली तर कुणीतरी काटे उचलून गाडी पळवतोय. रुंद घासलेला, गाडीचा रंग लागलेला पट्टा मागच्या वजनाचा, म्हणजे तिथे वळायला जागा कमी पडते. ते रेलिंग पुन्हा रंगवायच्या आधी रॅकचा शेवटचा खण काढून वळण मोकळं करा.