कमानीखालचा उजेड

रविवार, रात्री साडेनऊ

सकाळी सहालाच पंचगंगा घाटावर जाऊन बसले. पाणी उतरलंय, पण पायऱ्यांवर अजून गाळ आहे. घाटावरच्या देवळांना पूर कुठवर चढला होता, ती मातकट रेघही तशीच आहे. तीच रेघ जलरंगात रंगवायला गेले होते.

आकाश पटकन जमलं. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळला की भाद्रपदातल्या ढगांचा करडा मिळतो. काळा रंग मी पेटीत ठेवतच नाही. कागद आधी ओला केला आणि त्यावरची चमक मावळायची वाट बघत बसले. चमक असताना रंग टाकला की तो पळतो, पुरता वाळल्यावर टाकला की कडा धरतो. मधले दोन-तीन क्षण ओळखायला मला चार वर्षं लागली. शिकवायला कुणी नव्हतं. चौतिसाव्या वर्षी मुलाची शाळेतली रंगपेटी हातात घेतली, तेव्हापासून बँकेची नोकरी सांभाळून रविवार तेवढा माझा.

कुणी नव्हतं असं तरी कसं म्हणू? कोल्हापुरात राहते मी. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमानांच्या चित्रांपुढे किती दुपारी उभी राहिलेय. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला हा माणूस मुंबईची वाट सोडून कोटितीर्थाच्या काठी राहिला आणि तेच तळं, तीच झाडं पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. एकाच जागी परत परत जायचं धाडस मला त्यांच्यामुळे आलं. घाटाची माझी ही एकतिसावी फेरी. आणि बाबूराव पेंटर! कुठल्याही कलाशाळेत न जाता चित्र, शिल्प शिकले, सिनेमाचा कॅमेरासुद्धा घडवला. त्यांच्या गावात राहून ‘मला कोण शिकवणार’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण जलरंगाचं खरं वेड लागलं ते म्हैसूरला. जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई पाहिली. पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात, आणि तेही तैलरंगातलं. आहे सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि आहे जलरंगात. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांतून लाल उजेड पाझरतो. तिथून पाय निघेना. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागदाचा पांढरा सांभाळूनच तो मिळवावा लागतो, हे मला त्या बोटांनी शिकवलं.

आणि आज नेमकं तेच चुकलं. शिवाजी पुलाच्या एका कमानीखाली पाण्यावर उन्हाची बारीक पट्टी पडली होती. ती कोरी सोडायची हे डोक्यात पक्कं होतं. तेवढ्यात म्हशी धुवायला आलेला एक पोरगा मागे येऊन उभा राहिला.

“मावशी, माझी म्हस बी घ्या की त्यात.”

त्याच्याशी बोलता बोलता ब्रश पाण्यावरून सरळ फिरला. पट्टी गेली. ओल्या ब्रशने रंग उचलायला बघितलं, पण त्या जागी थॅलो ब्लू होता. अल्ट्रामरीन असता तर थोडाफार निघाला असता, थॅलो डाग धरून बसतो. पांढरा पोस्टर कलर लावावासा वाटला क्षणभर. नाही लावला. तो खडूसारखा वर बसतो, उजेडासारखा आतून येत नाही.

संध्याकाळी चित्र भिंतीला टेकवून बराच वेळ बघत बसले. फाडलं नाही. मागे तारीख टाकली आणि खाली पेन्सिलीने लिहिलं: कमानीखालचा उजेड आधी राखायचा, मग पाणी.

म्हैस चांगली उतरलीय. ओल्या पाठीवरची चकाकी कोरी सुटलीय, अगदी जिथे हवी तिथे. पुढच्या रविवारी तो पोरगा आला तर त्याला दाखवायचीय.