तुम्ही विचारलंत म्हणून: जड बुडतं, हलकं तरंगतं, मग टब कशाला?

बालवाडीच्या पालकसभेत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "जड बुडतं, हलकं तरंगतं, एवढं सांगायला आठवडाभर टब कशाला मांडता?" तर एकदाचं ऐका. जड ते बुडतंच असं नाही. नारळीपौर्णिमेला सोडलेला नारळ लाटांवर डुलतो; चिंचोका मात्र टाकल्या टाकल्या तळाला.

टब पारदर्शक हवा, घमेल्यात बाजूनं काही दिसत नाही. पाणी 15 सेंमी तरी हवं. कमी पडलं तर नारळ तळाला टेकतो आणि मुलं "बुडाला!" म्हणून मोकळी. एका टबाशी चार-पाच मुलं बास. मोठ्या माणसानं तिथून हलायचं नाही, झाल्यावर टब लगेच ओतून टाकायचा. पाण्यात टाकण्याआधी मुलांनी वस्तूंचे दोन ढीग करायचे, बुडणार आणि तरंगणार. हे गाळलं की उरतं नुसतं डुबुक डुबुक. (तेही वाईट नाही म्हणा.) आणि प्रत्येक वस्तू तळापर्यंत दाबून मग सोडायची, कारण टाचणी अलगद आडवी ठेवली तर पाण्याच्या पृष्ठभागावर टेकून राहते आणि सगळ्यांची फसगत होते. बाटलीचं झाकण दाबून सोडलं की वर येतं, त्याच बाटलीचा कापलेला तुकडा खालीच राहतो. दोन्ही प्लॅस्टिकच!

आता मातीचा गोळा. खेळायची तेलकट माती घ्या, 50 ग्रॅम. शाडू पाण्यात विरघळतो, कणीक गिळगिळीत होते. गोळा बुडतो. त्याच गोळ्याची वाटी करून न दाबता पाण्यावर ठेवली की तरंगते. इथे मी वर्षानुवर्षं सांगत आले, "आकार बदलला म्हणून." एकदा एका मुलीनं गोळ्याची छान पातळ पोळी लाटली आणि पाण्यावर ठेवली. गेली तळाला. "बाई, आकार तर बदलला." वर्ग गप्प, बाईही गप्प. चूक तिची नव्हतीच. पोळीला काठ नाही, म्हणून तिच्या जागचं पाणी गोळ्याइतकंच हटतं, साधारण 30 मिली. 50 ग्रॅम तोलायला 50 मिली हटायला हवं, आणि ते हटतं काठाच्या आत हवा राहिली तरच. 10 सेंमी रुंद बरणीत पाहा: गोळ्यानं पाणी जेमतेम 4 मिमी चढतं, तरंगत्या वाटीनं 6 मिमीच्या वर. बरणीवर पेननं खूण करा, मुलांना फरक दिसतो. टबात दिसत नाही. वाटीचा काठ 3 मिमीपेक्षा पातळ केला तर चिरतो, पाणी आत शिरतं, मग रडारड.

पाच वर्षांच्या मुलांना घनता सांगू नये, यावर मी ठाम आहे. "आकार"ही मी सोडला. हल्ली मुलांचाच शब्द वापरते, "आत जागा हवी." नारळ कानाशी हलवला की पाणी खळखळतं, म्हणजे आत रिकामी जागा आहे, हे त्यांना पटतं. पण मेणबत्ती? आतून भरीव, तरी तरंगते. ती टोपलीत ठेवावी की लपवावी, दरवर्षी आदल्या दिवशी माझं माझ्याशीच भांडण होतं. यंदा लपवली होती. वाढदिवसाच्या डब्यातून एकानं शोधून आणली.