धार लावण्याचा दगड बुजतो तेव्हा

माझा सुऱ्यांना धार लावायचा १००० ग्रिटचा दगड (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितके कण बारीक) हळूहळू काम करीनासा झाला. सुरी काचेवरून घसरावी तशी त्यावरून घसरू लागली, घासतानाचा खरखर आवाज गेला आणि कितीही वेळ घासले तरी धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी ती बारीक कड काही येईना. दगड झिजला असे समजून मी नवीन घेण्याच्या बेतात होतो. परंतु उजेडात तिरका धरून पाहिला, तेव्हा मधोमध राखाडी, चकचकीत पट्टा दिसला आणि त्यात काळ्या रेघा. पोलादाचा कीस दगडात ठासून भरला होता.

अशा दगडात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण एकमेकांना बांधलेले असतात आणि त्यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रे असतात. कण पाते खरवडतात आणि निघालेला कीस पाण्यासोबत वाहून जाणे अपेक्षित असते. पाणी कमी आणि हाताचा जोर जास्त असेल, तर तोच कीस छिद्रांत दाबला जाऊन कणांची टोके झाकून टाकतो. माझ्याकडून या दोन्ही चुका होत होत्या, आणि तिसरी सर्वांत वाईट: पाणी घालून वापरायच्या या दगडावर मी काही दिवस खाद्यतेल वापरले होते. हे तेल हवेने घट्ट होऊन राळेसारखे चिकट बनते आणि कीस त्यातच रुतून बसतो.

साबणाचे पाणी आणि ब्रश यांनी फक्त वरचा काळेपणा गेला. तेलासाठी मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, रॉकेल लावून दगड पुन्हा पुन्हा घासला व साबणाने धुतला. तरीही पट्टा जाईना, तेव्हा वरचा थरच काढायचे ठरवले. जाड, सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरता येणारा पॉलिश पेपर) ओला करून पसरला, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि तो त्यावर फिरवू लागलो. कडेच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या, मधल्या मात्र बराच वेळ टिकल्या. म्हणजे दगड बुजला होताच, शिवाय मध्ये खोलगटही झाला होता. आधी शाईसारखे काळे निघणारे पाणी शेवटी दगडाच्या मूळ विटकरी रंगाचे झाले.

आता बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटे, मी दगड पाण्यात ठेवतो, घासताना मधूनमधून थेंब टाकत राहतो आणि हात हलका ठेवतो. दर चार फेऱ्यांनी दगड धुऊन काढण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण वर जमणाऱ्या चिखलात दगडाचे सुटे कणही असतात आणि तेच पुढचे काम करतात. हा चिखल सुकू लागला की मात्र पाणी हवेच. माझा ६००० ग्रिटचा दगड लवकर बुजतो, म्हणून सुरुवातीलाच त्यावर पाणी शिंपडून छोटा घासणदगड फिरवून असा चिखल तयार करतो. हा ६००० चा दगड भिजत घालत नाही, कारण अशा काही बारीक दगडांना त्याने तडे जातात. धार लावायची हिऱ्याच्या कणांची पट्टी बुजली, तर ती साफ करायला साधा खोडरबर पुरतो. काम झाले की दगड धुऊन सावलीत वाळवतो.

जुन्या दगडाच्या एका कोपऱ्यात तेलाचा डाग अजून आहे. तिथे पाण्याचा थेंब मुरत नाही, तसाच गोल बसून राहतो, आणि त्या भागावर मी पाते नेत नाही.