ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी मशीन रूम बघून या

बी. फार्मसीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या ऑनलाइन अर्जात, ज्या कॉलेजांची नावं टाकणार आहात, तिथं एकदा स्वतः जाऊन या. ऑफिसात बसून, माहितीपत्रक घेऊन परत फिरू नका. मशीन रूम उघडून दाखवा म्हणा. गोळ्या बनवायची टॅबलेट पंचिंग मशीन कुठंय विचारा, ती चालू करून दाखवता का विचारा. संकोच करू नका. चार वर्षं आपलं लेकरू तिथं घालवणार आहे.

माझं अहमदपूरला मेडिकल आहे. मी नांदेडला बी. फार्म केलं, लग्नानंतर इकडं आले. दुकानात औषध घ्यायला येणारे निम्मे लोक ओळखीचे, त्यामुळं निकालाच्या दिवसांत "ताई, पोराला फार्मसीला टाकावं का?" हा प्रश्न ठरलेला. गेल्या वर्षी तो आमच्याच घरातून आला. माझी पुतणी, म्हणजे धाकट्या भाऊजींची मुलगी, लातूरला नीटची तयारी करत होती. नीटचा निकाल लागल्यावर भाऊजी म्हणाले, "वैनी, आता फार्मसीच बघावं लागतंय की." त्यांच्या बोलण्यातला तो 'आता' मला खुपला. लातूर, नांदेडच्या क्लासमधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो मुलांच्या घरात फार्मसी अशीच येते, डॉक्टरकी हुकल्यावर. आणि मग ते शिक्षण कुठं घेतोय, कसं घेतोय याची चौकशी कुणी करत नाही. कुठलं का असेना, घरापासून जवळ असलं म्हणजे झालं.

बरं झालं की तिनं एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म हिवाळ्यातच भरून ठेवला होता. नीटच्या नादात कित्येक मुलं तो भरतच नाहीत. महाराष्ट्रातल्या मुलांची बी. फार्मची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, नीटच्या मार्कांवर नाही. पीसीबी ग्रुपला फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, बायोलॉजीचे १००, एकूण २०० मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीट करणाऱ्या मुलांना हा पेपर जड जात नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित किंवा बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. सीईटीच नको असेल तर डी. फार्मचा, म्हणजे डिप्लोमाचा, रस्ता आहे, तो बारावीच्या मार्कांवर. दोन वर्षांचा कोर्स, त्यावर ५०० तासांचं ट्रेनिंग, आणि आता कोर्सनंतरची एक्झिट परीक्षाही आली आहे. मेडिकल टाकायचं असेल तर डी. फार्म पुरतं, पुढं वाटलं तर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जायचंय, एम. फार्म करायचंय किंवा औषध निरीक्षकाची परीक्षा द्यायचीय, तर डिग्रीच हवी.

आता कॉलेजांचं. २०१९ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं नवीन फार्मसी कॉलेजांना पाच वर्षं बंदी घातली होती. कॉलेजं फार झालीत, असं कौन्सिलचं म्हणणं. संस्था कोर्टात गेल्या, हायकोर्टांनी बंदी रद्द केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते निकाल कायम ठेवले. त्यानंतर आपल्याकडं कॉलेजांचं पीक कसं आलं ते तालुक्याच्या रस्त्यावरून जाताना दिसतंच. त्यातली काही मनापासून चालवलेली आहेत, हेही मी सांगेन. पण बोर्ड बघून फरक कळत नाही, म्हणून आत जायचं.

भाऊजींची पेरणी उरकल्यावर आम्ही तिघं निघालो. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) मशीन रूमची किल्ली शिपायाकडं होती आणि शिपाई रजेवर. आम्ही थांबतो म्हणालो. शेवटी खोली उघडली तर गोळ्यांवर थर चढवायच्या कोटिंग पॅनवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच. मशीन आणून बसवल्यापासून तिला कुणी हात लावलेला नव्हता. तपासणीला दाखवायला ती खोली पुरेशी आहे, शिकायला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी इमारत जुनी, भिंतींना ओल, पण आत मुलं डिसोल्युशनचं प्रॅक्टिकल करत होती. भांड्यातलं पाणी ३७ अंशावर, म्हणजे आपल्या अंगाइतकं गरम, त्यात गोळी फिरत होती आणि ठरावीक वेळानं नमुना काढून गोळीतलं औषध किती विरघळलं ते मोजत होते. तिथल्या मॅडमना मी विचारलं, "बॅच कितीची?" म्हणाल्या, वीस. हे बरोबर आहे. साठ मुलांना एकाच वेळी उभं करून प्रॅक्टिकल 'दाखवणारी' कॉलेजंही आहेत.

त्याच कॉलेजच्या मागं औषधी वनस्पतींची बाग होती. अडुळसा, सोनामुखी, कोरफड, आणि एका वाफ्यात सदाफुली. पुतणी म्हणाली, "काकू, ही तर आपल्या वाड्यात न्हाणीपाशी आहे." मी तिला सांगितलं की याच झाडापासून विन्क्रिस्टीन आणि विनब्लास्टीन काढतात. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरच्या उपचारात विन्क्रिस्टीन आजही वापरतात. पानात ते इतकं थोडं असतं की थोडंसं औषध मिळवायला ढीगभर पानं लागतात. मग तिच्या प्रश्नांना तोंड फुटलं. पानातून काढतात कसं? दुसरा घटक मिसळलेला नाही हे कसं कळतं? घरच्या झाडाची पानं कुणी खाल्ली तर? (खायची नाहीत, विषारी आहेत.) परतीच्या एसटीत ती मॅडमचं नाव आणि त्या शिकवतात तो विषय वहीत लिहीत होती. निकालानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'नीट' हा शब्द निघाला नाही. मला वाटतं प्रवेश तिनं त्या दिवशी घेतला, पुढचं सगळं कागदांचं काम होतं.

आणि कागदांचं काम सोपं नाही. विशेषतः आपल्याकडं. दहावी-बारावीचे मार्कमेमो, टीसी, अधिवास दाखला, आधार हे जमतं. खरी कसरत जातीच्या कागदांची. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर हे तीन वेगवेगळे कागद आहेत, एक असला म्हणून दुसरा लागत नाही असं नाही. नॉन-क्रिमीलेयर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, मागच्या वर्षीचं काढलेलं बघून निर्धास्त राहू नका. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा शोधायचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हाची रजिस्टरं उर्दूत, आणि त्यातल्या तारखा पुष्कळदा फसली सनात, म्हणजे तेव्हाच्या महसुली वर्षात.

आमच्या आजेसासऱ्यांची नोंद अशीच निघाली. मुख्याध्यापकांनी जुनी कपाटं उघडून रजिस्टर शोधून दिलं, त्यांचे उपकार आहेत. पण वाचणार कोण? उदगीरचे एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: नाव, बापाचं नाव, जात, सन १३५० फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ जाता येतं, म्हणजे हा १९४०-४१ चा प्रवेश. सासरे बाजूला उभे होते. आपले वडील शाळेत गेले होते हेच त्यांना माहीत नव्हतं. नंतर त्या उताऱ्याचं रीतसर भाषांतर करून घेतलं आणि पडताळणीच्या अर्जाला जोडलं. हे सगळं अकरावीतच सुरू करा. बारावी सायन्सच्या मुलांचे पडताळणीचे अर्ज कॉलेजमार्फत जातात, तेव्हा दिला तर प्रवेशापर्यंत हातात येतो. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. अर्जाच्या पावतीवर तात्पुरती सवलत मिळाली तरी मुदतीत व्हॅलिडिटी (पडताळणीचा दाखला) आली नाही तर मुलाला खुल्या गटात धरतात, आणि हातची जागा जाते.

ऑनलाइन अर्जाची पडताळणी घरबसल्या ई-स्क्रुटिनीनं होते किंवा केंद्रावर जाऊन. मोबाइलवर काढलेले वाकडे फोटो अपलोड करू नका, अर्ज दुरुस्तीला परत येतो. कच्ची गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, पर्सेंटाइल तपासा, हरकत घ्यायला फार दिवस नसतात.

लॉगिन आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. ऑप्शन फॉर्मच्या काळात फोन येतात. "ताई, आम्ही भरून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा." त्यांचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं जातं, आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते आपोआप फ्रीज, म्हणजे पक्कं, होतं. पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. अलॉटमेंटच्या आधी टीसी आणि ओरिजिनल मार्कमेमो 'जमा करून घेणाऱ्यांना' तर दारातूनच परत पाठवा. आमच्याकडं पुतणीनं क्रम स्वतः लावला: बघून आलेली आणि आवडलेली कॉलेजं वर, छत्रपती संभाजीनगरचं सरकारी फार्मसी कॉलेज सगळ्यात वर, मिळेल न मिळेल. पर्सेंटाइल कमी असलं तरी आवडतं कॉलेज वर टाकल्यानं खालचं जात नाही, ही गोष्ट भाऊजींना पटायला वेळ लागला.

फीच्या बाबतीत एक गोष्ट मुलींच्या आईबापांनी लक्षात ठेवावी. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही. म्हणून फेऱ्या लांबल्या म्हणून घाबरून कोट्यात पैसे भरू नका. गेली काही वर्षं फार्मसीच्या फेऱ्या इंजिनिअरिंगच्या मागून चालतात, पार दसरा-दिवाळीच्या तोंडावर येतात. त्या थांबण्याच्या काळातच एजंटांचे फोन जास्त येतात.

पुतणीला सरकारी कॉलेज मिळालं नाही. तिच्या यादीतलं तिसरं, ते सदाफुलीच्या वाफ्याचं कॉलेज दुसऱ्या फेरीत मिळालं आणि तिनं फ्रीज केलं. बायोलॉजीवाली असल्यामुळं पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल गणित आहे. लॉगरिदम अडलं की रात्री मला फोन करते, मीही आता माझी जुनी वही काढून ठेवली आहे.

यंदा ज्यांची मुलं बारावी सायन्सला आहेत त्यांनी दुपारी दुकानात या, तेव्हा गर्दी कमी असते. येताना आजोबांची शाळा कुठली होती तेवढं घरातल्या थोरांना विचारून या. उर्दू उतारा निघाला तर कुणाकडं जायचं ते मी सांगते.